टिटवीशी वैर

४ फेब्रुवारी, सकाळ

टिटवीने अखेर अपडेट काढलं! आपल्या विमानतळाची सीनरी, नवी आवृत्ती.

टिटवी हे इंटरनेटवरचं नाव. माणूस कोण, कुठला, कोणालाच माहीत नाही. सीनरी बनवतो आणि फुकट वाटतो. हौशी आहे. चुका असतात, त्या मी वेळोवेळी दाखवून देतो.

माझ्या चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचा नंबर काढून घ्यायला आलेल्या एका गृहस्थांना सीनरी म्हणजे काय ते समजावलं. कॉम्प्युटरवर विमान उडवताना खाली जे जे दिसतं ते सगळं: धावपट्टी, इमारती, रस्ते, झाडं. ते म्हणाले, मला इथे समोरचं अक्षर दिसत नाही. लोकांना व्हिजनच नाही.

सासरे खूश. या अपडेटमध्ये विमानतळाशेजारची जुनी गल्ली बसवली आहे. विमानतळ वाढवताना ती पाडली, त्याला वर्षं लोटली. सासऱ्यांचं शिवणकामाचं दुकान त्याच गल्लीत होतं. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते घराबाहेर पडलेले नाहीत. वॉकर कोपऱ्यात उभा, त्यावर टॉवेल वाळत. रोज संध्याकाळी माझ्याशेजारी बसून विमानात फिरतात तेवढाच त्यांचा प्रवास. मी कॅप्टन, ते एकमेव प्रवासी. म्हणाले, जावईबापू, आज दुकानावरून न्या. म्हटलं, पत्र्याला हात लागेल इतक्या खालून नेतो.

अपडेट टाकलं. सोबत 'आधी हे वाचा' नावाची फाइल होती. वाचली नाही. असल्या फायली नवशिक्यांसाठी असतात. जुनी सीनरी मात्र काढली नाही, तिथेच शेजारी ठेवली, 'जुनं – हात लावू नये' असं नाव देऊन. अनुभवी माणूस बॅकअपशिवाय पाऊल टाकत नाही.

५ फेब्रुवारी

काल संध्याकाळचं उड्डाण उत्तम. आकाश निरभ्र. विमानतळ लांबून दिसायला लागला तसे सासरे सरसावून बसले, चष्मा पुसला (माझ्याच दुकानातला, अँटी-ग्लेअर). विमान खाली आणलं. आणि स्क्रीन गोठली. मग काळी. मग डेस्कटॉपवरचा बायकोचा फोटो, हसरा.

सासऱ्यांनी विचारलं, पडलो का आपण? सांगितलं की विमान पडलं नाही, प्रोग्राम पडला. ते म्हणाले, मग आपण आत्ता आहोत कुठे?

म्हटलं, डेस्कटॉपवर.

पुन्हा उडालो. पुन्हा तिथेच. पुन्हा. दरवेळी गल्ली दिसायच्या जरासं आधी. हा योगायोग असूच शकत नाही.

आत्ता लिहिता लिहिता आठवलं. मागच्या महिन्यात मी टिटवीला कळवलं होतं की धावपट्टीवरचे आकडे गरजेपेक्षा जास्त पांढरे आहेत. उत्तर आलं होतं, 'धन्यवाद. नोंद घेतली आहे.'

नोंद घेतली आहे! तेव्हाच ओळखायला हवं होतं. असं धमकी देताना बोलतात.

७ फेब्रुवारी

तरीही वैज्ञानिक दृष्टी सोडली नाही. ड्रायव्हर अपडेट केले. ग्राफिक्स कमी केले, इतके की ढग चौकोनी झाले. कॉम्प्युटर उघडून बायकोच्या हेअर ड्रायरने धूळ उडवली. धूळ समोरच्या पडद्यावर बसली. बायको म्हणाली, पडदे कोण धुणार? तिला आज याच्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

टेबलफॅन आणून कॉम्प्युटरवर रोखला. क्रॅश तिथेच, फक्त गार हवेत.

लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचा दातवाला भेटला. डेंटिस्ट आहे, आमच्या वैमानिक ग्रुपमध्येही आहे. उतरताना विमान असं आपटतो की हिरड्यांतून रक्त यावं. मी न विचारता म्हणाला की नवी सीनरी झकास चालते आहे. मग सगळे दात दाखवत विचारलं, जुनी आधी काढलीत ना? एकाच जागेवर दोन विमानतळ बसवले की सिम्युलेटर गोंधळतो म्हणे.

म्हटलं, डॉक्टर, मी दोन डोळ्यांचे दोन वेगळे नंबर एकाच नाकावर बसवणारा माणूस आहे. मला शिकवू नका.

त्याचा मजला आला, उतरला.

त्याचं चालतं, माझं बंद पडतं. म्हणजे टिटवीने फक्त माझ्यासाठी काहीतरी करून ठेवलं आहे. संशय होता, आता पुरावा मिळाला.

८ फेब्रुवारी

फिजिओथेरपिस्ट बाई आल्या होत्या. सासऱ्यांना म्हणाल्या, काका, चाललं नाही तर पाय आखडून बसेल, मग माझ्या हातात काही नाही. सासरे म्हणाले, चालून जायचंय कुठे मला? बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, तुम्ही तरी समजवा. मी म्हटलं, त्यांना मी हवेतून नेतो. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी स्वतःहून विचारलं, झालं का दुरुस्त? म्हटलं, गुन्हेगार सापडला आहे, आता दुरुस्ती ही औपचारिकता.

९ फेब्रुवारी

निश्चय. सूड.

टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात. या टिटवीचा समुद्र मी आटवतो.

रिव्ह्यू लिहिला. एक तारा. एक द्यावाच लागतो, नाहीतर तोही दिला नसता. 'अशा लोकांमुळे वीमान क्षेत्राची बदनामी होते' हे वाक्य चांगलं उतरलं. मोठ्याने वाचून दाखवलं. बायकोने विचारलं, कुठल्या क्षेत्राची? तुमचं क्षेत्र चष्म्याचं आहे.

१० फेब्रुवारी, दुकानातून

रिव्ह्यूखाली कोणीतरी लिहिलं आहे, 'बाकी सगळ्यांचं व्यवस्थित चालतं आहे.' म्हणजे बाकी सगळे फितूर.

एकट्याच्या शब्दाला वजन नसतं. दोन नवी खाती काढली, दोन्ही आमच्या ग्रुपमध्येही घातली. पहिलं 'निष्पक्ष प्रवासी'. दुसरं 'एक दुःखी वैमानिक'. निष्पक्ष प्रवाशाने माझ्या मुद्द्यांना निष्पक्षपणे पाठिंबा दिला. दुःखी वैमानिकाने आपल्या वृद्ध सासऱ्यांची व्यथा मांडली. वाचून मलाच भरून आलं. मी त्याला धीर देणारं उत्तर लिहिलं. त्याने आभार मानले. सज्जन माणूस.

या गडबडीत लायब्ररीतल्या बाईंचा चष्मा बँकेतल्या साहेबांना दिला गेला. साहेब संध्याकाळी परत आले. आधी दारावर आपटले, मग आत. त्यांना म्हटलं, चष्मा सवयीचा व्हायला दोन दिवस लागतात. ते म्हणाले, याला बारीक गुलाबी फुलं आहेत.

याचंही खापर शेवटी टिटवीच्याच माथी. हिशोब वाढत चालला आहे.

११ फेब्रुवारी

बायको म्हणाली, बाबा दिवसभर खिडकीत बसतात आणि संध्याकाळ झाली की तुमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत डोकावतात. ते आधी दुरुस्त करा. सांगितलं, दुरुस्ती नंतर, न्याय आधी. ती म्हणाली, मग ताटही आज न्यायालाच वाढायला सांगा.

गार जेवलो. सुडाच्या मार्गावर हे चालायचंच.

१४ फेब्रुवारी

टिटवीचा मला खासगी मेसेज! शब्दशः उतरवून ठेवतो, पुढे कामी येईल: 'तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून वाईट वाटतं. तुमच्या सीनरीच्या फोल्डरचा एक फोटो पाठवाल का? नेमकं काय अडतं आहे ते लगेच कळेल. तुमचं विमान उतरल्याशिवाय चैन पडणार नाही.'

काय गोडवा! फोल्डरचा फोटो हवा म्हणे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्यायला मी खुळा नाही. उत्तर दिलं नाही. घाबरला आहे हे नक्की. निष्पक्ष प्रवाशाकरवी जाहीर केलं की टिटवी आता तक्रारदारांना खासगीत गाठतो आहे.

सासऱ्यांना मेसेज दाखवला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, अक्षर चांगलं आहे. म्हटलं, बाबा, हे टाइप केलेलं आहे. म्हणाले, तरी.

१७ फेब्रुवारी

वेबसाइटकडे रीतसर तक्रार. मुद्दे दहा. सातच सुचले होते, पण सात मुद्द्यांची तक्रार अर्धवट वाटते. आठवा: टिटवीच्या झाडांची सावली संशयास्पद. नववा: नाव पक्ष्याचं, म्हणजे विमानांविषयी मुळात आकस. दहावा पहिल्यासारखाच, पण रागाने.

दुपारपर्यंत सीनरीवर 'तपासणी चालू' अशी पाटी लागली. आणि मग काय विचारता! ज्यांनी ही सीनरी कधी वापरलेली नाही असे कुठले कुठले लोक चिडून लिहायला लागले. एकाने तर मागणी केली की टिटवीने जाहीर माफी मागावी. तो कोण ते मला माहीत नाही, पण मी नव्हे. जनमत जागं झालं आहे.

दातवाल्याने ग्रुपवर लिहिलं, 'फुकट काम करणाऱ्याला किती छळावं?' फुकट! विष फुकट दिलं म्हणून काय प्यायचं?

२० फेब्रुवारी

विजय!!

टिटवीने सीनरी काढून घेतली. नवीही, जुनीही. जाता जाता एवढंच लिहिलं आहे: 'ज्या गल्लीत मी लहानाची मोठी झाले, ती एकदा पुन्हा उभी करावी इतकंच मनात होतं. कोणाला त्रास झाला असेल तर माफ करा. यापुढे सीनरी बनवणार नाही.'

'झाले' लिहिलं आहे. म्हणजे बाई. असो. न्याय आंधळा असतो, त्याला बाई-पुरुष कळत नाही.

विजयाच्या भरात टिटवीचं जे जे होतं ते सगळं माझ्या कॉम्प्युटरवरून कायमचं पुसलं. 'जुनं – हात लावू नये' यालाही हात लावला. मग जाऊन आइस्क्रीम आणलं. सासऱ्यांनी विचारलं, कशाचं? म्हटलं, विजयाचं. ते म्हणाले, मला व्हॅनिला.

मग त्यांना टिटवीची शरणचिठ्ठी वाचून दाखवली. त्यांचा चमचा थांबला. म्हणाले, आमच्या गल्लीतली? कोणाची मुलगी? म्हटलं, ते लिहिलेलं नाही. ते म्हणाले, तुम्ही विचारलं का नाही? तिचं सगळं वितळून गेलं, असं काहीतरी बोलले. आइस्क्रीमबद्दल म्हणायचं असावं.

बायकोने वाढलेल्या माझ्या वाटीत आइस्क्रीम कमी होतं, हे लक्षात आलं.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ

ऐतिहासिक दिवस. क्रॅश नाही! सगळं प्रकरण सिद्ध झालं. टिटवी गेली, रोग गेला. पिसासारखा अलगद उतरलो.

फक्त आता तिथे विमानतळ म्हणावा असं काही नाही. सिम्युलेटरचं मूळचं जे असतं ते आहे: एक धावपट्टी, एक खोकं आणि चहूकडे सपाट हिरवं. सासऱ्यांना म्हटलं, उतरताना डावीकडे बघा, गल्ली तिथेच होती. त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, पाडल्यावरसुद्धा इतकं सपाट नव्हतं.

हळूहळू सवय होईल. हिरवा रंग डोळ्यांना चांगला. हे मी व्यवसायाने सांगू शकतो.

२३ फेब्रुवारी

सासरे विमानात बसायला आले नाहीत. म्हणाले, पाय मोकळे करून येतो. वॉकरवरचा टॉवेल काढून बायकोच्या हातात दिला आणि दारातून बाहेर! बायको रडायला लागली. मी एकट्याने उड्डाण केलं. वजन कमी असल्यामुळे विमान जरा वर उचलल्यासारखं वाटलं.

२४ फेब्रुवारी

आजही गेले. लिफ्टपर्यंत आधार नको म्हणाले. फिजिओथेरपिस्ट बाई चकित. मला विचारलं, काय जादू केलीत? म्हटलं, सातत्य.

२५ फेब्रुवारी

ग्रुपमधून मला काढून टाकलं. मला, निष्पक्ष प्रवाशाला आणि दुःखी वैमानिकालाही, एकाच वेळी. लिफ्टमध्ये दातवाल्याला जाब विचारला. तो म्हणाला, तिघंही टाइप करताना 'वीमान' लिहितात, पहिली वेलांटी दीर्घ. अख्ख्या ग्रुपमध्ये असं लिहिणारे तिघंच.

माझं एक वेळ सोडा. पण निष्पक्ष प्रवाशाने कोणाचं काय बिघडवलं होतं?

सुडाच्या यादीत दातवाला क्रमांक एकवर.

२७ फेब्रुवारी

आज दुकान लवकर बंद केलं. सासरे रोज फिरून येतात ते इतके खुशीत का, याचा छडा लावायचा होता. बागेत बघितलं, नाहीत. कोपऱ्यावरच्या बाकावर नाहीत. परत येताना लिफ्ट खालच्या मजल्यावर थांबली, दार उघडलं, आणि समोर दातवाल्याच्या दाराबाहेर वॉकर.

बाहेरचं दार उघडंच होतं. आतून आवाज येत होता. सासरे सांगत होते, नाही नाही, माझ्या दुकानाच्या आधी सायकलवाला, मग मी, मग तुझे वडील. तुमच्या दुकानाबाहेर ते मोठं घड्याळ टांगलेलं असायचं ना, नेहमी मागे चालणारं? आणि फोनच्या स्पीकरवर एक बाई हसत होत्या. म्हणाल्या, काका, ते घड्याळ बाबांनी मुद्दाम मागे ठेवलेलं, गिऱ्हाईक घाईत नको म्हणून. मग म्हणाल्या, तुम्ही शिवलेल्या शाळेच्या फ्रॉकला खिसा होता, बाकी कुठल्याच मुलीला नव्हता. सासरे म्हणाले, तू घड्याळाचे स्क्रू गोळा करायचीस, ते ठेवायला.

त्यानंतर नुसतं विमानाचं इंजिन ऐकू येत होतं.

घड्याळवाल्याची मुलगी. टिटवी.

दातवाल्याकडे सीनरी अजून आहे. त्याने पुसली नव्हती, आणि टिटवीला सासऱ्यांचा निरोपही त्यानेच धाडला असणार. बाई आता ती फक्त सासऱ्यांसाठी सुधारत आहेत, त्यांना विचारून विचारून, एकेक दुकान.

मी बेल वाजवली नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कॉकपिटमध्ये शिरायचं नसतं, हा नियम आहे. जिन्याने वर आलो. लिफ्ट तिथेच उभी होती, तरी जिन्याने.

२८ फेब्रुवारी, सकाळ

दातवाल्याच्या दवाखान्यासाठी रिव्ह्यू लिहून तयार. एक तारा. 'प्रवासी पळवणारा इसम' हा शेवट फार परिणामकारक. पाठवणार तोच बायकोने आठवण करून दिली की तिचं रूट कॅनाल त्याच्याकडे अर्धवट उघडं आहे. पाठवणं पुढे ढकललं. माघार नव्हे. हवामान प्रतिकूल.

२८ फेब्रुवारी, दुपार

दुसरा मार्ग. नवं खातं: 'एक नवशिका'. टिटवीला अत्यंत नम्र मेसेज. लिहिलं की आपलं काम अप्रतिम असल्याचं ऐकून आहे, एक प्रत मिळाल्यास उपकार होतील, धावपट्टीवरचे आकडे अगदी योग्य पांढरे आहेत.

लगेच उत्तर आलं: 'जरूर देईन. फक्त सांगा, विमान कधीपासून चालवता?'

अभिमानाने लिहिलं, 'वीमान मी गेली कित्येक वर्षे'

पाठवून झाल्यावर बघितलं.

दुकान बंद होईपर्यंत फोन बघत होतो. एका आजोबांना तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला सांगितली होती. त्यांनी ती किती वेळा वाचली कोण जाणे. शेवटी पाठ झाली म्हणाले.

उत्तर नाही.

१ मार्च

सासऱ्यांनी जेवताना स्वतःच विषय काढला. मी काही विचारलं नव्हतं. म्हणाले, रविवारी गल्लीतलं दुकान उघडायचं आहे. पत्रा बसला, शटर बसलं, पाटी तेवढी राहिली आहे, ती पोरगी आज रंगवते म्हणाली. संध्याकाळी डॉक्टरांकडे सगळे जमणार. ती फोनवर असेल. फिजिओच्या बाईही येणार. बायकोला हे आधीपासून माहीत होतं. साडीसुद्धा काढून ठेवली आहे.

मग मला म्हणाले, जावईबापू, तुम्हीही या. मी त्या पोरीला विचारलं आहे. तिने आधी पाटीचा रंग विचारला, मग हो म्हणाली.

मी पाणी प्यायलो. म्हटलं, येईन. अवघड लँडिंग आहे, गल्ली अगदी धावपट्टीला लागून. अनुभवी हात हवा. डॉक्टरांना सांगा, उतरवायच्या वेळी कंट्रोल माझ्याकडे दिले तरी चालतील.

सासरे म्हणाले, त्याची गरज नाही. विमान आता मीच चालवतो. डॉक्टरांनी शिकवलं.

बायकोने त्यांना आणखी भात वाढला. मला विचारलं नाही, पण भांडं माझ्याकडे सरकवलं.

झोपायला जाताना सासरे दारात थांबले. जागा कमी आहे म्हणाले, माणसं जास्त. खुर्ची आपली आपण आणायची आणि मागे बसायचं, असा डॉक्टरांचा निरोप आहे.

स्वयंपाकघरातलं स्टूल नेईन. हलकं आहे.